गुरुवारच्या उपासनेची यादी

ऐरोलीत आमच्या ख्रिस्ती मंडळीची गुरुवारची कुटुंब उपासना आळीपाळीने घरोघरी होते. आम्हाला स्वतःची इमारत नाही. रविवारची उपासना एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, बाकी आठवडाभराचं सगळं कुणा ना कुणाच्या घरात. गुरुवारी साडेसातला सुरू करतो आणि नऊच्या आत उठतो. दोन-तीन गीतं, शास्त्रवाचन, पाळकसाहेब आले तर त्यांचा बोध, नाही आले तर आमच्यापैकी कुणीतरी चार शब्द बोलतं, आणि मग प्रार्थनेच्या विनंत्या. कुणाची कंपनी रबाळ्याहून चाकणला चालली आहे, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाचं ऑपरेशन आहे. शेवटी चहा आणि पोहे. आमची बरीच गीतं ना. वा. टिळकांची, पेटी-टाळावर म्हणायची. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं टिळक सांगत, आणि ते ऐकू येतंही. खालच्या मजल्यावरच्या आजी मला एकदा म्हणाल्या, "सिस्टर, तुमचं भजन गोड असतं हो, पण विठ्ठलाचं नाव काही येत नाही त्यात."

सिस्टर म्हणजे मी. नन नव्हे, महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. नवरा इथल्याच टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात होता, तोही आता घरीच. माहेर नगरचं, तिथल्या जुन्या मिशन कंपाउंडातलं. आजीच्याही आधीपासून आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे "तुम्ही कधी झालात?" या प्रश्नाला माझ्याकडे तारीख नाही. तरी लोक विचारतात.

२०२५चा तो पावसाळा आठवून बघा. जूनमध्ये एका आमदारांनी सभेत धर्मप्रसारकांना मारणाऱ्यांना बक्षिसं जाहीर केली. जुलैत त्याविरुद्ध आझाद मैदानावर ख्रिस्ती समाज जमला. महिना संपता संपता छत्तीसगडमध्ये दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना अटक झाली आणि टीव्हीवर रात्री तेवढंच चाललं. धर्मांतरविरोधी कायदे ओडिशात १९६७ला, मध्य प्रदेशात १९६८ला झाले, मग एकेक राज्य करत गेलं. महाराष्ट्रात तेव्हा नव्हता, पण येणार येणार म्हणून मंत्री सांगत होते. त्यात नवी मुंबई महापालिकेची २०२० पासून रखडलेली निवडणूक. प्रत्येक चौकात इच्छुकांचे बॅनर, आणि इच्छुकाला काहीतरी विषय लागतोच.

अशात सोसायटीचं पत्र आलं. वॉचमनने वहीत सही घेऊन दिलं. मजकूर साधारण असा, की आपल्या सदनिकेत बाहेरील व्यक्ती जमवून धार्मिक कार्यक्रम होतात, वैद्यकीय मदतीच्या आमिषाने रहिवाशांचं धर्मांतर होत असल्याची शंका आहे. यापुढे समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि उपस्थितांची यादी आधी सादर करावी. सोबत कोरा तक्ता जोडलेला होता. नाव, पत्ता, मोबाइल, धर्म.

'वैद्यकीय मदत' हे शब्द वाचून माझी कानशिलं तापली. इमारतीतले निम्मे लोक सकाळी माझ्याकडे रक्तदाब तपासायला येतात. कुणाची पट्टी बदलायची असते, कुणाला इन्सुलिनचं इंजेक्शन कसं टोचायचं ते दाखवायचं असतं. पैसे घेत नाही. पण नोकरीपासून पाळलेला एक नियम आहे. मशीन बाहेर असलं की देवाचं नाव काढायचं नाही, आणि गुरुवारी संध्याकाळी मशीन कपाटात. वॉर्डात असताना एका उत्साही सहकारिणीला मी रुग्णाच्या उशाशी पत्रक ठेवताना पाहिलं होतं आणि ते उचललं होतं. तिला राग आला. पण खाटेवर पडलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने हो म्हटलं तर त्याची किंमत काय? माझ्या श्रद्धेला ते हो नकोच आहे. हे मला कुठल्या कायद्याने शिकवलेलं नाही.

अध्यक्षांकडे सकाळीच गेले. बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस. त्यांची नजर माझ्याकडे कमी आणि चहाकडे जास्त.

"सिस्टर, तुमच्याबद्दल कुणाचं काही नाही हो. पण वरून दबाव आहे."

"वरून म्हणजे कुठून?"

"आता तुम्हाला काय सांगायचं."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक पत्रक काढलं. आमच्या इमारतीतल्या सगळ्या लेटरबॉक्समध्ये कुणीतरी टाकून गेलं होतं, आमच्या सोडून. त्यात हिंदू देवदेवतांविषयी असं काही छापलेलं की मला शेवटपर्यंत वाचवेना. खाली कर्ज, करणी, कॅन्सर, सगळ्यातून मुक्तीची हमी आणि नवी मुंबईतल्याच दुसऱ्या उपनगरातल्या एका फेलोशिपचा, म्हणजे प्रार्थनागटाचा, पत्ता. अध्यक्ष म्हणाले, "लोक तुम्हाला आणि यांना एकच समजतात. मी काय करू?"

हे त्यांचं बरोबर होतं. आमच्या मंडळीत मात्र हे कुणाला ऐकायचं नव्हतं. सगळा अन्याय बाहेरून येतो असं मानणं सोपं पडतं. मी त्या पत्त्यावर गेले. पाळक पंचविशीतला, मनाने वाईट नाही, राहायला एका खोलीत, डोळ्यांत झोप नाही. म्हणाला, "मावशी, आम्ही फक्त सत्य सांगतो." मी म्हटलं, "बाळा, सत्य सांगायला दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर थुंकावं लागत नाही. आणि कॅन्सरची हमी तू कशी देतोस? मी कॅन्सरची माणसं हाताने उचललेली आहेत." त्याने मान हलवली, पण पटलं असं काही दिसलं नाही. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याचं कलम जुन्या संहितेत २९५-अ होतं, नव्या न्याय संहितेत २९९ झालं आहे, हेही सांगितलं. तेवढं मात्र त्याने लिहून घेतलं.

मग पोलीस ठाण्यातून फोन आला. "मॅडम, तुमच्या नावाने अर्ज आलाय. येऊन जबाब देऊन जा." अर्ज सोसायटीचा नव्हता, एका संघटनेच्या मुलांचा होता, त्यांच्यापैकी कुणी आमच्या इमारतीत राहतही नव्हतं.

आमच्या मंडळीत बेलापूरच्या कोर्टात वकिली करणारी एक मुलगी आहे. तिने घरी बसवून सगळं समजावलं. गुन्हा दाखल झालेला नाही, ही नुसती अर्जाची चौकशी आहे. गुन्ह्याच्या तपासात साक्षीदार म्हणून बाईला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. अर्जाच्या चौकशीत त्यावर अडून बसण्यापेक्षा आपण दिवसाउजेडी स्वतःहून जाऊ. अर्जाची प्रत मागायची. जबाब संगणकावर टाइप होईल, तो पूर्ण वाचायचा, न म्हटलेलं वाक्य काढायला लावायचं, मजकूर संपतो तिथे लगेच सही, खाली मोकळी जागा सोडायची नाही. आपण काही लेखी दिलं तर पोच घ्यायची. "आणि काकू, हसून बोला," ती म्हणाली, "पण जास्त बोलू नका." दुसरं मला अवघड होतं.

त्याआधी मंडळीच्या पंचांची बैठक झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेनंतर ठाण्याच्या चार हुतात्म्यांची आठवण काढली. १३२१मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती ठाण्यात मारले गेले. पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत घेऊन गेला. इतिहास खरा आहे आणि ठाण्याच्या ख्रिस्ती माणसाला तो ठाऊक असावा. पण सोसायटीच्या पत्राला त्या पंक्तीत बसवणं मला रुचलं नाही. आपला कुणी अजून गळा धरलेला नव्हता. आपल्याकडे एक तक्ता आला होता, आणि तो भरायचा की नाही एवढंच ठरवायचं होतं.

एक जण म्हणाले, निवडणूक होईपर्यंत गुरुवार बंद ठेवू. दुसऱ्यांनी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढला, की अधिकाऱ्यांच्या अधीन असावं. यादी मागितली आहे, देऊन टाका, लपवण्यासारखं काय आहे? यावर वकील मुलगी म्हणाली, ज्या पौलाने ते लिहिलं त्यालाच प्रेषितांच्या कृत्यांत बावीसाव्या अध्यायात फटके मारायला बांधतात, तेव्हा तो काय करतो? रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का, असं शताधिपतीलाच विचारतो. अधीन राहणं आणि कायदा विचारणं, एकाच माणसाने दोन्ही केलेलं आहे. बैठकीत थोडी हालचाल झाली.

मागे बसलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "तळोज्याचा तुरुंग इथून किती लांब आहे?" त्यांना फादर स्टॅन स्वामी म्हणायचे होते, एल्गार परिषद खटल्यात तळोज्याला ठेवलेले जेझुइट धर्मगुरू, हे सगळ्यांना कळलं. ८४ वर्षांचे, पार्किन्सन्सने हात थरथरणारे. पाणी पिताना सांडू नये म्हणून सिपर हवा, तर त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ला रुग्णालयात वारले, तेही कच्चे कैदी म्हणूनच. त्या खटल्याचं काय ते मला कळत नाही. सिपरचं कळतं. हजारो लोकांना मी पाणी पाजलेलं आहे. ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आमच्या प्रकरणाच्या मानाने ती फार मोठी होती, एवढंच.

यादीला माझा विरोध होता त्याचं कारण एक बाई होती.

ती आमच्या मंडळीतली नाही. ख्रिस्ती नाही. कुठल्या मजल्यावर राहते, गाव कुठलं, नवरा काय करतो, हे मी इथे लिहीत नाही. मुलगा आजारी, एवढं पुरे. आधी सकाळी यायची, मुलाच्या औषधांचं विचारायला. एका गुरुवारी गाणं ऐकून दाराशी थांबली, मग दाराजवळच्या खुर्चीवर बसली, आणि पुढे येत राहिली. बाप्तिस्म्याचं तिने कधी विचारलं नाही, आम्हीही काढलं नाही. घरचे सणवार, उपास सगळं तिचं चालू. विनंत्यांच्या वेळी मुलाचं नाव घ्यायची आणि डोळे मिटून बसायची.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सांगितलं, की घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माच्या प्रसाराचं स्वातंत्र्य आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. आमच्यातल्या अनेकांना तो निकाल खुपतो, मला नाही. माणूस माणसाला बदलत नसतोच. मला खुपतं ते पुढचं. उत्तर प्रदेशच्या २०२१च्या कायद्यात प्रलोभनाची व्याख्या वकील मुलीने वाचून दाखवली: भेटवस्तू, नोकरी, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन, देवाच्या कोपाची भीतीसुद्धा. तेव्हा मनात आलं, उद्या इथे तसाच कायदा आला तर माझं फुकटचं रक्तदाबाचं मशीन कुठल्या खणात बसवतील? आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसणारी ती बाई कोण ठरेल? पीडित? पुरावा?

तिला न विचारता काही ठरवणं बरोबर नव्हतं. मी तिला तक्ता दाखवला. तिने चष्मा लावून वाचला.

"ताई, धर्माच्या रकान्यात माझं काय लिहिणार तुम्ही?"

"काहीच लिहिणार नाही. नावच देणार नाही."

"मग मी येऊ नको का?"

यायचं ते तुझं तू ठरव, असं म्हणणं सोपं होतं. पण तिच्या घरी, तिच्या सासरी, तिच्या व्हॉट्सअपवर जे होणार ते मला नाही, तिला भोगावं लागणार होतं. मी म्हटलं, "थोडे दिवस फोनवर बोलू." तिने तक्ता घडी घालून परत दिला.

पंचांमध्ये मधला मार्ग निघाला होता: फक्त मंडळीच्या सभासदांची नावं द्यायची. माझा त्यालाही विरोध. एकदा यादी दिली की यादीबाहेरचा प्रत्येक माणूस उघडा पडतो. पुढच्या गुरुवारी कुणी जिन्यात उभं राहून मोजलं, तर जास्तीचं डोकं कुणाचं हे आपोआप कळणार. अर्धी यादी जास्त वाईट. बरीच वादावादी होऊन ठरलं, की जबाबदारी माझी आणि नवऱ्याची, कागदावर नावं आमची दोघांचीच.

पोलीस ठाण्यात हवालदार चांगला होता. दमलेला. माझा जबाब घेता घेता त्याने दोन भांडणं मिटवली. पैसे कुठून येतात विचारलं. सांगितलं, दानाचा लिफाफा फिरतो, हॉलचं भाडं आणि एखाद्या पोराची फी त्यातून जाते. परदेशातून? नाही. संस्था नोंदणीकृत आहे का? मंडळी आहे, माझं घर हे माझं घर आहे, त्याला नोंदणी कशाला? हे जरा जोरात निघालं. वकील मुलीने पायाने पाय दाबला.

मग यादी. मी आमचं पत्र पुढे केलं. दर गुरुवारी, अमुक वेळेत, ध्वनिवर्धकाशिवाय, दार उघडं ठेवून उपासना होते. कोणताही अधिकारी न कळवता येऊन बसू शकतो. येणाऱ्यांची नावं आम्ही देणार नाही. त्याने वाचलं आणि खरंच कळवळून म्हणाला, "मॅडम, उगाच वाढवताय. चार नावं लिहून द्या, फाइल बंद होते." चार नावं मला तोंडपाठ होती, आणि चारही जणांनी काही म्हटलं नसतं.

वरच्या साहेबांकडे नेलं. ते म्हणाले, कोणत्या कायद्याने नकार देता? मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, कोणत्या कायद्याने मागता ते लेखी द्या, आम्ही लेखी उत्तर देऊ." बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी त्यांनी प्रतिबंधात्मक नोटीस काढली. पूर्वी तिला १४९ची म्हणत, आता १६८ची. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. म्हणजे आमच्या दाराशी येऊन कुणी गोंधळ घातला तर जबाबदार आम्ही. नोटीस मिळाल्याची सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने 'मजकूर मान्य नाही' लिहिलं. आमच्या पत्रावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. अर्जाची प्रत मात्र मिळाली नाही.

सोसायटीची सभा पार्किंगमध्ये झाली. आमच्या बाजूने दोघे बोलले, विरुद्ध तिघे, उरलेले मोबाइलमध्ये. मी पत्रकाविषयी आधीच बोलून टाकलं: ते वाईट होतं, आमचं नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्यांना मी जाऊन सांगितलं आहे. त्याने थोडी हवा निघाली. ठराव बदलला तो खजिनदारांच्या एका शंकेमुळे. परवानगी आणि यादीचा नियम लेखी करायचा तर सगळ्यांना एकच लागेल, मग हळदीकुंकू, सत्यनारायण, बारसं, सगळ्यांच्या याद्या कोण सांभाळणार? ठराव झाला: कोणत्याही कार्यक्रमाचा आवाज रात्री दहानंतर नको, पाहुण्यांच्या गाड्या गेटसमोर नकोत. यात न्याय वगैरे काही नव्हतं, खजिनदारांना काम नको होतं. मला चाललं.

एका गुरुवारी खरंच शिपाई आला. दाराजवळच्या त्याच खुर्चीवर बसला, टोपी मांडीवर घेऊन. चहा घेतला, पोहे नको म्हणाला. जाताना पेटी वाजवणाऱ्या पोराला विचारून गेला की क्लास कुठे लावलाय, त्याच्या मुलीला शिकायची आहे.

अर्ज दप्तरी दाखल झाल्याचं पुढे तोंडी कळलं. लेखी काही नाही. प्रतीसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. तीस दिवसांची मुदत उलटली, आता अपील करू.

उपासना चालू आहे, पण पूर्वीइतकी घरं मिळत नाहीत. भाड्याने राहणारे सरळ सांगतात, घरमालक काढेल. मी त्यांना दोष देत नाही. त्यामुळे आमची पाळी लवकर लवकर येते. ती बाई येत नाही. बुधवारी फोन करते, मुलाचे रिपोर्ट सांगते, आणि गुरुवारी मी नाव न घेता तिची विनंती मांडते. कुणी विचारत नाही कोणाची.

आता पाळकसाहेबांच्या मनात हजेरीची वही घालायचं आहे. सरकारसाठी नव्हे, आपल्यासाठी, म्हणजे कोण आजारी, कोण दोन आठवडे आलं नाही ते कळेल. हेतू चांगला आहे. मी म्हटलं, साहेब, वही असली की कुणीतरी मागणार, आणि तेव्हा ती फाडणं हा गुन्हा होईल. माणसं लक्षात ठेवू या, तेवढी थोडीच आहोत. त्यांना हे भित्रेपणाचं वाटलं. पंचांच्या पुढच्या बैठकीत विषय आहे, आणि माझं मत मी या खेपेला लेखी दिलं आहे.